ऑगिल्व्ही यांची कबुली : वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ

डेव्हिड ऑगिल्व्ही यांचे ‘कन्फेशन्स ऑफ ॲन ॲडव्हर्टायझिंग मॅन’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. संत ऑगस्टिन व रूसो यांच्या ग्रंथांमुळे ज्या शब्दाला आत्मनिवेदनाचे गांभीर्य प्राप्त झाले, तो शीर्षकात घेऊनही ऑगिल्व्ही यांनी फारसे काही कबूल केलेले नाही. ग्राहक कसे मिळवावेत, मथळा कसा लिहावा, चित्र कसे निवडावे, अशा नियमांनी बहुतेक प्रकरणे भरलेली आहेत. वाङ्मयविचाराच्या अभ्यासकाने थांबावे असे स्थळ अखेरच्या, अकराव्या प्रकरणात आहे. जाहिरात ही संस्थाच नष्ट करावी काय, हा प्रश्न तेथे उपस्थित केला आहे. आणि तो उपस्थित करणारी व्यक्ती म्हणजे लेखकाची समाजवादी मताची वडील बहीण होय.

ऑगिल्व्ही यांचे उत्तर थोडक्यात असे : जाहिरात नष्ट करू नये, सुधारावी. अर्थशास्त्रज्ञांना मान्य असलेली माहितीपर जाहिरातच विक्रीच्या दृष्टीनेही अधिक फलदायी ठरते; म्हणजे व्यापाऱ्याचा स्वार्थ व विद्वानांची नीती यांत विरोध नाही. हा दावा अगदीच पोकळ नव्हे. तरुणपणी स्कॉटलंडमध्ये दारोदार ‘आगा’ चुली विकलेल्या व पुढे गॅलप यांच्या हाताखाली लोकमताची पाहणी केलेल्या या माणसाचा तथ्यांवर खरोखरीच विश्वास होता. रोल्स-रॉइस मोटारीच्या त्यांच्या १९५८ च्या जाहिरातीत स्तुतीची विशेषणे कमी आणि गाडीच्या रचनेचा तपशील पुष्कळ आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, ऑगिल्व्ही जाहिरातीचा बचाव अभिधेच्या बळावर करतात.

परंतु त्यांची कीर्ती प्रथम पसरली ती १९५१ मधील हॅथवे शर्टच्या जाहिरातीने. चित्रात पाहणाऱ्याला एखाद्या कथेची चाहूल लागावी म्हणून आपण अठरा युक्त्या योजल्या व अठरावी युक्ती डोळ्यावरील काळ्या पट्टीची होती, असे ते सांगतात. ती आधी नापसंत झाली होती. छायाचित्र काढावयास जाता जाता त्यांनी औषधाच्या दुकानातून दीड डॉलरला एक पट्टी विकत घेतली! खालच्या मजकुरात कापडाची व शिवणीची माहिती होती, हे खरे. तथापि वाचकाचे चित्त वेधले ते त्या माहितीने नव्हे. कुलीनता, साहस, एखादे अज्ञात युद्ध अथवा द्वंद्व, हे सारे त्या पट्टीतून ध्वनित होत होते, आणि यांपैकी कशाचाही शर्टाशी काडीचा संबंध नव्हता. ही शुद्ध व्यंजना होय.

हा एखाददुसरा अपवाद मानता आला असता. पण १९५५ मध्ये शिकागो येथील भाषणात ऑगिल्व्ही यांनी ब्रँडच्या प्रतिमेचा सिद्धान्तच मांडला होता. आणि प्रस्तुत पुस्तकात ते म्हणतात की निरनिराळ्या कंपन्यांचा माल जितका एकसारखा, तितका निवडीतील विवेकाचा वाटा कमी. व्हिस्की, सिगारेट, बिअर यांची उदाहरणे त्यांचीच आहेत. पुस्तकातील खरी कबुली हीच, आणि ती नियमांच्या गर्दीत सहज निसटून जाते. जेथे भेदच नाही तेथे माहिती कशाची द्यावयाची? अकराव्या प्रकरणातील बचाव येथेच खचतो.

गॅलब्रेथ यांनी ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’मध्ये (१९५८) घेतलेला आक्षेप असा : जी उत्पादनव्यवस्था स्वतःच गरजा निर्माण करते, तिला त्या गरजा भागविण्याचे श्रेय घेता येत नाही. ऑगिल्व्ही यांनी या आक्षेपाला भिडण्याचे टाळले आहे. हायेक यांनी मात्र १९६१ मध्ये त्याला उत्तर दिले. वाङ्मयाची ओढही वाङ्मय निर्माण झाल्यामुळेच लागते, म्हणून ती हीन ठरते काय, असे त्यांनी विचारले. आमच्यासारख्यांना हे उत्तर अडचणीत टाकणारे आहे. व्यंजनेनेच काव्याला काव्यत्व येते असे शिकविणाऱ्याने जाहिरातीतील व्यंजनेवर कोणत्या तोंडाने रागवावे?

भेद आहे, पण तो व्यंजनेत नाही, तिच्या पर्यवसानात आहे. काव्यातील ध्वनी रसास्वादात विसावतो. सहृदयाने त्यापुढे काही करावे अशी कवीची अपेक्षा नसते. जाहिरातीतील ध्वनी दुकानाच्या गल्ल्यापर्यंत जातो, आणि हिशेबाची वेळ आली की जाहिरातदार वाच्यार्थाच्या आड उभा राहतो. आपल्याकडे मद्याच्या कंपन्या सोड्याच्या वा संगीताच्या ध्वनिमुद्रिकांच्या नावाने जाहिराती करीत आल्या आहेत, त्यांत ही युक्ती उघडी पडते. शब्दशः पाहता तो सोडाच; कळावयाचे ते सर्वांना कळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत सूचित विधानही धरले आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली. व्यंग्यार्थाचे उत्तरदायित्व बोलणाऱ्यावरच राहते, हे तत्त्व कायद्याने तरी मान्य केले म्हणावयाचे.

ऑगिल्व्ही यांना हे उमगले नव्हते असे वाटत नाही. रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांचा त्यांना इतका तिटकारा होता की निवृत्तीनंतर रात्री बुरखे घालून ते तोडीत हिंडावे, अशी कल्पना त्यांनी रंगविली आहे. ही गंमत सोडली तरी एक निर्णय विचारात घेण्याजोगा आहे. राजकीय पक्षांचे काम आपली संस्था घेणार नाही, असे त्यांनी ठरविले. मुत्सद्दी विकणे हा ग्राम्यतेचा कळस आहे, आणि विरुद्ध पक्षाच्या नोकरांवर त्यात अन्याय होतो, अशी कारणे त्यांनी दिली. पण जाहिरात म्हणजे मुख्यतः माहितीच असेल, तर ती मतदाराइतकी कोणाला हवी? हा प्रश्न ऑगिल्व्ही विचारीत नाहीत. आपल्या हातातील साधन माहितीचे नाही, हे मतदाराच्या बाबतीत त्यांना दिसले असावे; शर्ट घेणाऱ्याच्या बाबतीत ते पाहण्याची त्यांना गरज भासली नाही.