फाइनमनची व्याख्याने आणि आपले विद्यार्थी

दिवाळी अंकात पदार्थविज्ञानाच्या पुस्तकावर लेख म्हणजे फराळाच्या ताटात लॉगरिदमची कोष्टके, असे कुणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण हे पुस्तक आता घरोघरी, म्हणजे घरोघरच्या मोबाइलात, शिरले आहे. दहावी झालेल्या मुलाला 'फाइनमन वाच' असा सल्ला देणारे काका-मामा आमच्या प्रभादेवीत तरी पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती जणांनी तो स्वतः वाचला आहे, हा प्रश्न सणासुदीला विचारू नये.

रिचर्ड फाइनमन ह्यांनी १९६१ ते १९६३ ह्या दोन वर्षांत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ही व्याख्याने दिली. रॉबर्ट लेटन आणि मॅथ्यू सँड्स ह्या सहकाऱ्यांनी ती ध्वनिफितींवरून लिहून काढून तीन खंडांत छापविली. फाइनमन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते नंतर, १९६५ साली. आता २०१३ पासून त्याच संस्थेने प्रथम पहिला आणि मागून उरलेले खंड इंटरनेटवर फुकट वाचावयास ठेवले आहेत. पूर्वी पुस्तक मिळत नाही ही सबब होती, ती गेली. उरला तो खरा प्रश्न : आपल्या मुलाला ह्यातून पदार्थविज्ञान येते काय?

आधी गुण सांगतो, कारण ते मोठे आहेत. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील प्रकरण घ्या. एका खोडकर मुलाला अठ्ठावीस न फुटणारे, न झिजणारे ठोकळे दिले आहेत. रोज संध्याकाळी आई ते मोजते. एके दिवशी सत्तावीसच भरतात; एक गालिच्याखाली सापडतो. दुसऱ्या दिवशी सव्वीस. दोन खिडकीबाहेर पडलेले. मग एकदा तीस होतात. खेळावयास आलेला मित्र आपले दोन विसरून गेलेला असतो. पुढे मुलगा पेटी उघडू देत नाही, तेव्हा आई पेटीचे वजन करून आतले ठोकळे काढते. गढूळ पाण्यात टाकलेले ठोकळे ती पाण्याची पातळी मोजून काढते. हिशेबाचे सूत्र लांबत जाते, पण बेरीज अठ्ठावीसच राहते. इतके होईतो ही गोष्ट कुणीही चांगला मास्तर सांगेल. फाइनमनची करामत पुढे आहे. तो म्हणतो, ह्या हिशेबातून आता ठोकळेच काढून टाका. उरते ती ऊर्जा. ठोकळा कुणी कधी पाहिलाच नाही, नुसती बेरीज कायम राहते! आमच्याकडे हीच गोष्ट बेसनाच्या लाडवांवर रचण्याचा मोह एखाद्या शिक्षकाला होईल, पण डब्यातल्या लाडवांची बेरीज कुठल्याच घरात कायम राहत नाही.

दुसरा गुण म्हणजे प्रामाणिकपणा. लाटा शिकविताना सारी पाठ्यपुस्तके पाण्याची लाट पुढे करतात. फाइनमन पहिल्या खंडाच्या एकावन्नाव्या प्रकरणात उलट सांगतो की, लाटांचे ह्याहून वाईट उदाहरण शोधूनही मिळणार नाही. १९५४ साली निघालेल्या कीर्ती कॉलेजाला समुद्राचा शेजार आहे. तिथल्या गाड्यावरचा वडापाव खाऊन किनाऱ्यावर पाच मिनिटे उभे राहिले की ह्याचा पडताळा येतो. लाट पुढे येते, पण तिच्यातले पाणी जागच्या जागी गोल फिरत असते. खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने धावते. अगदी बारीक तरंगांत मात्र पाण्याच्या पृष्ठताणाचे राज्य, आणि तिथे आखूड तोच चपळ. किनारा जवळ आला, तळ उथळ झाला, की लाट मंदावते, तिची उंची वाढते आणि माथा पुढे कोसळतो. एवढा गुंता असलेली वस्तू पहिल्या धड्यात सोपे उदाहरण म्हणून दाखवावयाची, हे त्याला पटत नाही, आणि मलाही.

आता दोष. हे पुस्तक वाचताना कळल्यासारखे वाटते, आणि वही उघडली की हात चालत नाही. व्याख्यानांच्या खंडांत उदाहरणे सोडविण्याची सोय नाही. फाइनमनला हे ठाऊक होते. विद्यार्थ्यांचे आपण फारसे भले केले नाही, अशी कबुली त्याने प्रस्तावनेतच दिली आहे. हिंडून आलेल्याला हा नकाशा सुरेख वाटतो. पहिल्यांदाच निघालेल्याला पाऊलवाट हवी असते. ती हवी तर १९९२ साली निघालेले एच. सी. वर्मा ह्यांचे दोन भाग मला अधिक उपयोगाचे वाटतात. त्यांत फाइनमनची झेप नाही, पण प्रत्येक प्रकरणाअखेरचे प्रश्न मुलाला सुटू देत नाहीत आणि सोडतही नाहीत. वर्मा टेबलावर आणि फाइनमन उशाशी, अशी वाटणी मी करीन.

भाषेची अडचण वेगळीच आहे. मराठी शाळेतून आलेली मुलगी दहावीपर्यंत बल, संवेग, ऊर्जा, शक्ती असे चार शब्द चार अर्थांनी शिकते. घरी त्या चौघांनाही आपण खुशाल 'जोर' म्हणतो. अकरावीला सहसा सगळे इंग्रजीत सुरू होते, आणि चोख शिकलेले चारही शब्द तिला दाराबाहेर ठेवावे लागतात. फाइनमनचे इंग्रजी बोलण्याचे आहे, वाक्ये साधी आहेत. पण त्यातला विनोद आणि घरगुती वळणे अमेरिकन मुलांसाठी आहेत. संज्ञा तिला समजतील, थट्टा निसटेल. आणि ह्या पुस्तकात पुष्कळदा थट्टेतच मुद्दा असतो! म्हणून प्रकरण मोठ्याने वाचावे आणि मग कुणाला तरी मराठीत सांगून पाहावे. आजी असल्यास उत्तम. ती मध्येच 'म्हणजे काय?' असे विचारते.

शेवटी ज्या भागाविषयी फारसे कुणी बोलत नाही तो. उदाहरणे कशी सोडवावी ह्यावर फाइनमनने काही जादा व्याख्याने दिली होती. ती खंडांबाहेर राहिली आणि २००६ साली निराळ्या पुस्तकात निघाली. त्यांत तो वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांशी बोलतो. तुम्ही आपापल्या शाळेत पहिले होता, म्हणूनच इथे आला. आता सगळेच पहिले एका वर्गात बसले आहेत, तेव्हा निम्म्यांना सरासरीच्या खाली जावेच लागणार, हे साधे अंकगणित तो त्यांच्यापुढे मांडतो आणि मग धीर न सोडता अभ्यास कसा करावा हे सांगतो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिला येऊन कॉलेजात एकाएकी तिसाव्या नंबरावर बसलेला मुलगा आमच्या गिरणगावात दर वर्षी सापडतो. त्याला ठोकळ्यांच्या गोष्टीपेक्षा ही चार पाने आधी हवीत. ती मूळ तीन खंडांत का घेतली नाहीत, ह्याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.