तोटी किती उघडावी

घरी बिअर बनवायला अमेरिकेत केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली ती १९७९ च्या फेब्रुवारीत. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअरची मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर सही झाली थेट जिमी कार्टर यांची. तिथल्या हौशी मंडळींनी हार्डवेअरच्या दुकानातून आणि सहलीच्या सामानातून जमवलेली भांडीकुंडी न्याहाळण्यासारखी आहेत, कारण प्रत्येकात कुणाची तरी फजिती मुरलेली आहे. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, तेव्हा आपण न्याहाळण्यावरच भागवायचं.)

मानाचं पान पाण्याच्या कूलरला. मैदानावर खेळाडूंसाठी ठेवतात तसा, तोटीवाला. भरडलेलं बार्लीचं माल्ट यात ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर मुरतं आणि स्टार्चची साखर होते. या दोन-तीन अंशांत बिअरचा पिंड ठरतो: खालच्या टोकाला ती हलकी, कोरडी उतरते, वरच्या टोकाला भरदार. गारवा राखायला केलेली भिंत इथे ऊब राखते. जाणकार आधी रिकामा कूलर गरम पाण्याने विसळून घेतो, नाहीतर पहिल्याच ओतण्यात ती भिंत अंश-दोन अंश पिऊन टाकते. खाली विस्तव नाही, तरी तासभर तापमान जागचं फारसं हलत नाही. काय ऐट आहे या स्वस्त भांड्याची!

आत, तोटीच्या तोंडाशी, स्टीलची विणलेली जाळी असते. बेसिनखालच्या पाण्याच्या नळीतली आतली नळी ओढून काढली की उरतं ते हे वेष्टण. जाळी गाळते असं वाटतं. ती फक्त दाणे थोपवते. खरी गाळणी बार्लीच्या टरफलांची. म्हणून पहिला गढूळ रस, म्हणजे वॉर्ट, अलगद वर परत ओततात. थर बसतो आणि धार नितळ होत जाते. घाई नडते ती इथे. तोटी सताड उघडली की खालून ओढ बसते, थर दबतो, धार अडते. नवखा तोटी आणखी उघडायला जातो. जाणता ती बंद करतो, थर हलक्या हाताने सैल करतो, थोडा थांबतो, पुन्हा गढूळ रस वर ओततो आणि मग जेमतेम बारीक धार सोडतो. गव्हाच्या बिअरला हा धोका जास्त, कारण मळणीनंतर गव्हाला टरफल उरतच नाही. त्यावर उतारा भाताच्या तुसाचा: साखर नाही, सांगण्यासारखी चव नाही, नुसती रसाला वाट. भातगिरणीमागे ढीग लागणाऱ्या तुसाला इतकं नाजूक काम मिळालेलं पाहून मला तरी बरं वाटतं.

उकळीबद्दल थोडक्यात. वॉर्ट दुधासारखं उतू जातं आणि इलाजही तोच, गार पाण्याचा हबका. मात्र पूर्ण झाकण ठेवायचं नाही. उकडलेल्या मक्याचा वास देणारं गंधकी द्रव्य वाफेबरोबर जाऊ द्यायचं असतं.

मग तांब्याच्या नळीचं वेटोळं. ते पातेल्यात सोडून आतून नळाचं पाणी खेळवलं की वीस लिटर वॉर्ट बहुधा अर्ध्या तासात यीस्टला सोसेल इतकं निवतं. पण वेटोळं आत सोडायचं उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी, म्हणजे निर्जंतुक करण्याचा वेगळा खटाटोप नको. आणि ते हलवत राहायचं. स्थिर ठेवलं तर तांब्याभोवतीचा गार थरच बाकीच्या गरम वॉर्टला अडवून बसतो. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट असेल, तर आणखी एक वेटोळं बर्फाच्या बादलीत ठेवून पाणी आधी त्यातून फिरवतात. तांबं तेच, युक्ती तीच, फक्त एक पायरी अलीकडे. झकास!

निवलेलं वॉर्ट यीस्ट घालून झाकणाच्या बादलीत आंबायला ठेवतात. झाकणावरच्या एअरलॉकचे, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचे, बुडबुडे थांबले की नवख्याचा जीव खालीवर होतो. बऱ्याचदा बादलीचं झाकण किंचित सैल असतं आणि वायू कडेने निसटतो. निवाडा घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा. त्याला बोटांनी हलकी गिरकी द्यायची. काचेला चिकटलेले बुडबुडे त्याला उचलून धरतात आणि आकडा फसवा येतो. सुरुवातीचा १.०५० उतरून १.०१० वर दोन-तीन दिवस स्थिरावला, की समजावं आंबणं संपलं आणि मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे. आकडा अजून उतरत असताना बाटल्या भरल्या, तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि फडताळात काचांचा सडा पडतो.