मर्यादित आवृत्ती आणि संग्राहकाची अतृप्ती : डिझायनर खेळण्यांच्या संदर्भात

खेळणे लहान मुलांसाठी नसते, हे विधान विसंगत वाटते; परंतु 'डिझायनर टॉय' या कलाप्रकाराचा जन्मच या विसंगतीतून झाला आहे. हाँगकाँगचे कलावंत मायकेल लाऊ यांनी १९९९ मध्ये 'गार्डनर' मालिकेतील आकृत्यांचे प्रदर्शन भरविले. शहरी तरुणांचा पेहराव, त्यांची ऐट आणि बेफिकिरी त्यांनी फूटभर उंचीच्या बाहुल्यांत उतरविली. त्याच वर्षी 'कॉज' या नावाने परिचित असलेल्या अमेरिकन कलावंताची 'कंपॅनियन' ही व्हिनाइलची आकृती टोकियोत निघाली. पुढे २००१ मध्ये मेडिकॉम टॉयचा 'बेअरब्रिक' आणि २००४ मध्ये किडरॉबॉटचा 'डन्नी' आला. चित्रकला, शिल्प आणि रस्त्यावरील भित्तिचित्रे यांचा हा संगम निश्चितच लक्षणीय होता. मात्र या वस्तूंविषयीची आजची चर्चा रूपापेक्षा संख्येभोवतीच अधिक फिरते. किती निघाल्या, कोणाला मिळाल्या आणि कोणाला मिळाल्या नाहीत, हेच तिचे विषय असतात.

येथे साच्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. स्वतंत्रपणे काम करणारा कलावंत रेझिनची आकृती सिलिकॉनच्या साच्यात ओततो. हा साचा काही डझन ओतकामांनंतर फाटू लागतो, बारकावे पुसट होतात. अशा आकृतीच्या तीसच प्रती असतील, तर ती मर्यादा द्रव्याने घातलेली असते. तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेल्या मुद्रितांचेही असेच आहे. पत्रा झिजत जातो, म्हणून आरंभीच्या प्रतींना मोल येते. व्हिनाइलसाठी वापरला जाणारा धातूचा साचा मात्र याहून कितीतरी टिकाऊ असतो. तो घडविण्याचा खर्च मोठा असल्यामुळे अधिक प्रती काढणेच वस्तुतः किफायतशीर ठरावे. तरीही पाचशेवर थांबायचे ठरते, तेव्हा ती मर्यादा साच्याची नसून विक्रेत्याच्या निर्णयाची असते. दोन्ही आकृत्यांच्या तळाशी क्रमांक सारख्याच अक्षरांत लिहिलेला असतो; त्यांचा अर्थ मात्र एक नव्हे. संग्राहकांच्या तक्रारींत हा भेद क्वचितच केला जातो.

मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या विक्री विभागाने 'कंपॅनियन' विक्रीस ठेवली, तेव्हा गर्दीच्या भाराने तेथील संकेतस्थळच कोलमडले. अशा प्रसंगी पुनर्विक्रेत्यांवर आणि त्यांच्या स्वयंचलित खरेदी-यंत्रणेवर रोष व्यक्त होतो, तो अनाठायी नाही. त्यावर उपाय म्हणून सोडत आली. रांगेत रात्र काढण्यापेक्षा सोडत न्याय्य, हेही मान्य करावे लागेल. परंतु तिच्यामुळे संग्राहकाची भूमिका पालटली. वाल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेल्या निबंधात प्रत्येक ग्रंथ कोणत्या शहरात, कसा हाती आला याच्या आठवणींना मोठे स्थान आहे. शोध, पारख आणि चिकाटी हे संग्राहकाचे गुण तेथे सार्थकी लागतात. सोडतीत यांपैकी कशाचेच काम उरत नाही.

बंद डब्यांच्या विक्रीत ही स्थिती टोकाला जाते. बारा आकृत्यांच्या मालिकेतील डबे एकेक करून, निव्वळ योगायोगाने मिळत गेले, तर पूर्ण संचासाठी सरासरी सुमारे ३७ डबे घ्यावे लागतात. बाराचा संच एकदम घेतल्यास पुनरावृत्ती सहसा टळते; 'गुप्त' आकृती मात्र हाती लागेलच असे नाही. पॉप मार्टच्या अनेक मालिकांत तिचे प्रमाण १४४ डब्यांत एक असे असते. प्रत्येक डबा स्वतंत्र धरला, तर १४४ डबे घेऊनही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. संग्रहातील उणीव हीच संग्रहाला जिवंत ठेवते, असे प्रतिपादन जाँ बोद्रियार यांनी १९६८ मध्ये केले होते. त्यांच्या विवेचनात ही उणीव संग्राहकाच्या मनोव्यापाराचा भाग आहे. येथे ती कारखान्यातच मोजून डब्यात भरली जाते. त्यामुळे अतृप्तीला व्यवस्थेतील दोष म्हणणे अपुरे आहे. विकली जाते ती अतृप्तीच. चीनमधील बाजार-नियामक संस्थेने २०२३ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना असे डबे विकण्यास मनाई केली, यातूनही प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

कासिंग लुंग यांचा 'लबूबू' २०१५ मध्ये नॉर्डिक लोककथांच्या छायेतील चित्रकथांतून अवतरला. टोकदार दात आणि सशासारखे कान यांतील खट्याळ विरोधाभास अभ्यासण्याजोगा आहे. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात त्याच्या माणसाएवढ्या आकृतीला १० लाख ८० हजार युआन मिळाले. त्यानंतर त्या आकड्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या दातांची झाली नाही. समीक्षेनेही बाजाराचीच भाषा उचलावी, ही यातील खरी हानी होय.

तथापि संग्राहकाला केवळ बळी मानणे भाबडेपणाचे ठरेल. ठरावीक मुदतीत नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला आकृती देण्याची पद्धतही या क्षेत्रात आहे. तीत काही महिने थांबावे लागते, पण रिकाम्या हाताने कोणी परतत नाही. अशा आकृत्यांना पुनर्विक्रीत सहसा चढा भाव येत नाही. आणि दुर्मीळतेविरुद्ध तक्रार करणारा संग्राहकही पुष्कळदा 'ती तर सर्वांकडेच आहे' म्हणून तिच्याकडे पाठ फिरवितो.