मागच्या आसनावरचा मुलगा

रॉबर्ट पर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या ग्रंथाच्या अखेरच्या पानांवर एक लहानसे संभाषण आहे. मी मोठा झाल्यावर मला मोटरसायकल मिळेल काय, असे मुलगा बापाला विचारतो. तिची निगा राखणार असशील तर मिळेल, असे बाप सांगतो. निगा म्हणजे काय काय करावयाचे आणि ते सारे तुम्ही मला दाखवाल काय, असा मुलाचा पुढचा प्रश्न असतो. बाप होकार देतो. ग्रंथ येथे जवळजवळ संपलेला आहे. यंत्राच्या निगेवर शेकडो पाने खर्ची पडल्यानंतर ती निगा मुलाला शिकविण्याची गोष्ट प्रथम निघते, आणि तीही मुलाच्या तोंडून. या ग्रंथावर विपुल लिहिले गेले आहे. पण ग्रंथाचे मर्म आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही या एका संभाषणात सापडतात असे आम्हांस वाटते.

१९६८ साली पर्सिग आपल्या क्रिस या अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत मोटरसायकलीने गेले. वाटेच्या पूर्वार्धात जॉन व सिल्व्हिया हे स्नेही दांपत्य दुसऱ्या गाडीवर सोबतीस होते. या प्रवासाचे वर्णन, यंत्राविषयीचे चिंतन आणि लेखकाच्या पूर्वायुष्यातील मनोविकाराची हळूहळू उलगडत जाणारी कथा असे तीन पदर गुंफून ग्रंथ सिद्ध झाला. १२१ प्रकाशकांनी नाकारल्यानंतर तो १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि लाखोंनी खपला. आपला ग्रंथ झेन संप्रदायाची प्रमाणभूत माहिती देत नाही आणि मोटरसायकलींविषयीही फारसा काटेकोर नाही, अशी कबुली लेखकाने आरंभीच दिली आहे. दुसऱ्या बाबतीत हा विनय थोडा अधिकच म्हणावा लागेल. यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, याचे इतके अचूक वर्णन क्वचितच वाचावयास मिळते.

अडकलेल्या स्क्रूचे प्रकरण पाहावे. बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू हलत नाही. जोर लावावा तर त्याची खाच फाटते. स्क्रूची किंमत ती काय? परंतु तो निघत नाही तोवर सबंध गाडी कवडीमोल. वाचलेली पुस्तके तेथे उपयोगी पडत नाहीत. या अडून बसण्यालाच पर्सिग खऱ्या ज्ञानाचा आरंभ मानतात. ज्या क्षणी मन रिकामे होते त्या क्षणी ते स्क्रूकडे प्रथमच नीट पाहू लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे एक स्थळ गाडी नादुरुस्त करून देणाऱ्या कारागिरांचे आहे. रेडिओ मोठ्याने लावून, हसतखेळत, हाताला येईल तो पाना चालविणारी ती तरुण मंडळी स्वतःच्याच कामाची प्रेक्षक होती, असे पर्सिग म्हणतात. खरा दोष पुढे लेखकालाच सापडला. इंजिनातील तेलाच्या मार्गावरची पंचवीस सेंट किमतीची एक पिन तुटलेली होती. आपण सारे कचेऱ्यांतून कागद पुढे सरकविणारी माणसे आहोत. ‘प्रेक्षक’ हा शब्द वाचताना आपल्यापैकी कित्येकांना तो परका वाटणार नाही.

मोडलेली गाडी घरी उलगडून पुन्हा जोडू पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचा भाग तो, ज्यात उमेद खचविणाऱ्या सापळ्यांची चर्चा आहे. सगळे जोडून झाल्यावर एक भाग हातात उरतो आणि पुन्हा सगळे उलगडावे लागते, हा त्यांतला अत्यंत परिचित सापळा. पर्सिग त्यावर दोन उपाय सांगतात. एक, उलगडण्याचा क्रम आणि डोळ्यांत भरलेली प्रत्येक विशेष गोष्ट वहीत टिपून ठेवणे. दुसरा, जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून, पान वाचावे तसे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, सुट्या भागांच्या ओळी मांडणे. उपाय साधे आहेत, आणि ते ज्याने सुचविले त्याचे हात काळे झालेले आहेत याची खूण त्यांत पटते.

हे उपाय प्रस्तुत लेखकाने एका जुन्या येझदीवर, एक मुलगा व एक मुलगी यांना हाताशी घेऊन, सरकारी निवासस्थानाच्या मागच्या व्हरांड्यात करून पाहिले. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा व १९७३ पासून येझदी या नावाने निघालेल्या आणि १९९६ साली बंद पडलेल्या या गाड्या बदलीच्या गावोगावी अजून आढळतात. कलकत्त्याच्या मल्लिक बाजारात किंवा दिल्लीच्या करोल बागेत हिंडले तर जुन्या गाड्यांचे सुटे भाग हाती लागतात. इंजिन दोन फटक्यांचे, म्हणजे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. एक दट्ट्या, त्याच्या रिंगा, सिलिंडर, आणि धूर बाहेर टाकणाऱ्या दोन नळकांड्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाला सगळे समजावून सांगता येईल इतकेच तिचे अंतरंग. तेव्हा ग्रंथाच्या कसोटीला ही गाडी योग्य होती.

पहिल्याच संध्याकाळी धाकट्याने झाकणांचे सगळे स्क्रू उंचीप्रमाणे लावून ठेवले. मोठे एका रांगेत, लहान दुसऱ्या. मांडणी अत्यंत सुबक होती आणि क्रम साफ नाहीसा झाला होता. कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हे ज्याला ठाऊक नाही त्याने लांब स्क्रू आखूड भोकात बसविला तर आटे जातात. या प्रसंगी काय करावे, याचे उत्तर पर्सिग यांच्यापाशी नाही. कारण त्यांची वही एकट्याची आहे, त्यांची वर्तमानपत्रे एकट्याची आहेत. पुठ्ठ्यावर झाकणाची बाह्यरेषा काढावी आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा, ही कारागिरांची जुनी युक्ती तेथे कामी आली. मुलीने टिपणांऐवजी चित्रे काढली. चाकीची कोणती बाजू वर होती, दट्ट्यावरील बाण कोणत्या दिशेस होता, हे शब्दांपेक्षा चित्रात चटकन दिसते. हे चित्र तिघांपैकी कोणालाही वाचता येत होते. दुसऱ्यालाही वाचता येईल अशी टिपणे ठेवावयाची म्हटले की प्रथम स्वतःचेच समजणे उघड्यावर आणावे लागते. ‘हे असेच का?’ या मुलाच्या प्रश्नाने जे साधते, ते एकांतातील चिंतनाने साधेलच असे नाही.

शिवाय काही कामे एका माणसाची नाहीतच. दट्ट्यावर सिलिंडर उतरविताना एकाने दोन्ही हातांनी रिंगा दाबून धरावयाच्या, त्यांची तोंडे खाचेतील खुंटीशी जुळलेली आहेत हे पाहावयाचे, आणि दुसऱ्याने सिलिंडर सरळ, सावकाश खाली आणावयाचा. रिंग ओतीव लोखंडाची. वाकडा दाब आला की तुटते. येथे मुलाची बारीक बोटे मोठ्या माणसाच्या बोटांपेक्षा उपयोगी पडतात. गजन पिनेचे सर्क्लिप काढताना ते उडून इंजिनाच्या पोटात जाऊ नये म्हणून तोंडाशी फडके धरावे लागते. फडके धरणारा त्या घडीपुरता सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो, आणि त्याला ते कळते. कार्यास लागणाऱ्या मनःशांतीविषयी पर्सिग यांनी फार सुंदर लिहिले आहे. पण त्यांची मनःशांती ही एकट्याची समाधी आहे. दोघांच्या हातांत एकच वस्तू असताना लागणारी मनःशांती निराळी. तीत आपली गती दुसऱ्याच्या गतीशी जुळवून घ्यावी लागते.

ग्रंथातील मुलाला अशी संधी मिळत नाही, आणि या ठिकाणी आमचा आक्षेप केवळ कार्यपद्धतीपुरता राहत नाही. क्रिस शेकडो मैल बापाच्या पाठीकडे पाहत बसलेला आहे. त्याचे पोट दुखते, तो रडतो, हट्ट करतो. ही मनोविकाराची पूर्वचिन्हे तर नव्हेत, अशी धास्ती बापाला वाटते. बोझमनजवळच्या डोंगरावर चढताना मुलगा थकतो, चिडतो. तो पर्वतासाठी चढत नाही, स्वतःचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी चढतो, असा निवाडा बाप मनाशी देऊन टाकतो. निवाडा कदाचित बरोबरही असेल; पण ज्या माणसाने फाटक्या खाचेच्या स्क्रूपुढे पूर्वग्रह सोडून बसण्याचा उपदेश केला, तो मुलापुढे तसा बसत नाही. सिल्व्हियाच्या स्वयंपाकघरातील नळ सतत ठिबकतो आणि त्याचा दबलेला संताप तिच्या मुलांवर निघतो, हे सूक्ष्म निरीक्षण या लेखकाचेच आहे. स्वतःच्या मनातील न मिटलेला प्रश्न आपल्या मुलावर कसा निघतो, हे मात्र त्याला बराच काळ दिसत नाही.

हा दोष लेखकाचा की निवेदकाचा, असे कोणी विचारील. ग्रंथाची रचनाच अशी आहे की निवेदक स्वतःच्या पूर्वरूपापासून पळतो आहे. विजेच्या उपचारांनी पुसून टाकलेला तो जुना माणूस मुलाला आठवतो, बापाला आठवत नाही. मुलगा ज्या बापाला शोधतो आहे तो समोर बसूनही तेथे नाही. शेवटी जेव्हा बाप, आपण खरोखर वेडे नव्हतो, असे मुलाला सांगतो, तेव्हाच मुलगा पायटीवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहू लागतो, आणि तेव्हाच मोटरसायकलीची निगा शिकविण्याची गोष्ट निघते. एवढे मान्य केले म्हणजे ग्रंथ कलादृष्ट्या निर्दोष ठरतो. तत्त्वज्ञान म्हणून मात्र ठरत नाही. कारण ‘गुणवत्ते’ची सबंध मीमांसा ही त्या अनुपस्थित बापाने केलेली आहे, आणि शेवटच्या होकारानंतर ती पुन्हा तपासली गेलेली नाही.

आपल्याकडील वाचकाला काशीचे प्रकरण विशेष खटकेल. पर्सिग यांनी तरुणपणी बनारस हिंदु विश्वविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले होते. जगाच्या मिथ्यात्वावर व्याख्यान चालू असता, हिरोशिमा व नागासाकी येथील बॉम्बही मिथ्याच काय, असा प्रश्न त्यांच्या नायकाने केला; प्राध्यापकांनी हसून होकार दिला आणि नायकाने हिंदुस्थान सोडला. प्रश्न योग्य होता. परंतु व्यावहारिक सत्ता व पारमार्थिक सत्ता हा भेद शांकर वेदान्तात पायाभूत आहे, आणि त्याचा त्या पानांवर मागमूस नाही. तुटलेली रिंग आणि रडणारे मूल ही व्यवहारात पूर्णपणे खरीच असतात, हे आचार्यांनी नाकारलेले नाही. पर्सिग एका होकारावर परतले, हे त्यांच्या ग्रंथाला महाग पडले असे वाटते.

मॅथ्यू क्रॉफर्ड यांचे ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ हे २००९ सालचे पुस्तक याच वंशातले. तत्त्वज्ञानाचा हा पंडित विचारसंस्थेतील नोकरी सोडून रिचमंडला मोटरसायकली दुरुस्त करू लागला. त्यातही एक बाप आहे, पदार्थविज्ञानाचा अभ्यासक; बुटाच्या नाडीची गाठ एक टोक ओढताच सुटते, हे सिद्धान्तरूपाने सांगणारा. नाडी ओली असेल, सुतळी झालेली असेल, याचा त्या सिद्धान्ताशी संबंध नसतो. मुलाने पुढे जे शिकले ते बहुतेक इतरांकडून. पुस्तक उपयुक्त आहे, अधिक वादपटूही आहे. पण पर्सिग यांच्या ग्रंथातील ते दुःख त्यात नाही, म्हणून ते इतके लक्षात राहत नाही.

पर्सिग यांची ती होंडा सुपर हॉक आता वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पर्सिग २०१७ साली वारले. क्रिसची १९७९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे, तेथील झेन केंद्राजवळ, हत्या झाली. शिकविण्याचे जे आश्वासन ग्रंथाच्या शेवटी दिले गेले, त्याविषयी या बातमीनंतर वाचकाला जे वाटते ते ग्रंथाने योजिलेले नाही, तरी आता ते ग्रंथापासून वेगळे करता येत नाही. १९८४ साली पर्सिग यांनी जोडलेल्या उपसंहारात मुलाच्या मृत्यूविषयी आणि नंतर जन्मलेल्या मुलीविषयी जे लिहिले आहे, त्यात प्रथमच उपदेश नाही, आणि मांडणीला कोणाचे तत्त्वज्ञान सिद्ध करण्याची घाई नाही. सबंध ग्रंथात आम्हांस ही पाने सर्वांत थोर वाटली. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ती नाहीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रत घेताना तेवढे पाहून घ्यावे.