चकीचा तात्या होताना

'झपाटलेला'चा विषय निघाला की चारचौघांत एक जण हमखास म्हणतो, "तो तर 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललाय." खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. टॉम हॉलंडचा 'चाइल्ड्स प्ले' १९८८च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लागला, महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. पोलिसांच्या गोळीने मरायला टेकलेला गुन्हेगार मंत्र म्हणून आपला जीव बाहुल्यात घालतो. आपण कोण, हे त्याने ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरल्याशिवाय त्याची सुटका नाही. आणि त्याला मारायचं तर नेम एकाच जागी लागायला हवा. तिकडच्या बाहुल्याच्या, म्हणजे चकीच्या, काळजात; आपल्याकडच्या, म्हणजे तात्याच्या, दोन भुवयांच्या मधोमध. सांगाडा तोच आहे. माझी हरकत एवढीच, की "उचललाय" म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. काय घेतलं, काय टाकलं आणि टाकलेल्याच्या जागी काय बसवलं, हे कुणी पाहतच नाही.

मूळ चित्रपट शिकागोतला. कॅरन बार्कले एका मोठ्या दुकानात दागिन्यांच्या काउंटरवर नोकरी करते. नवरा नाही, मुलगा अँडी सहा वर्षांचा होतोय आणि त्याला वाढदिवसाला 'गुड गाय' बाहुलाच हवा आहे. या बाहुल्याचं टीव्हीवर कार्टून आहे, न्याहारीच्या पाकिटावर त्याचं चित्र आहे, त्याच्यासारखे कपडेही मिळतात. कॅरनला दुकानातली किंमत परवडत नाही, म्हणून ती मागच्या गल्लीत एका फेरीवाल्याकडून तो स्वस्तात घेते. डॉन मॅन्सिनीच्या पहिल्या पटकथेचा रोखच पोरांना हेरून माल खपवणाऱ्या जाहिरातबाजीवर होता, आणि पडद्यावर आलेल्या चित्रपटातही त्याचे चटके जाणवतात. हॉलंड बराच वेळ बाहुला नीट दाखवतच नाही. कॅमेरा जमिनीलगत धावतो, खून होतो आणि संशयाची सुई पोराकडे वळते.

मग तो प्रसंग येतो. कॅरन बाहुल्याचं रिकामं खोकं उचलते आणि त्यातून बॅटऱ्या खाली पडतात. एवढे दिवस हा बोलतोय तो कशावर? ती त्याला पालथा करून पाठीवरचं झाकण उघडते. आत काही नाही. त्याच क्षणी त्याची मान गर्रकन फिरते आणि कंपनीने शिकवलेलं तेच गोड वाक्य तो म्हणतो. रक्ताचा थेंब नाही, सुरी नाही, तरी भयपटांतल्या उत्तम क्षणांत मी हा धरतो. मुलगा खरं सांगत होता, हे आईला एका रिकाम्या खोबणीतून कळतं.

'झपाटलेला'त हे असं काही घडूच शकत नाही, कारण कोठारेंनी पोरालाच काढून टाकलं. त्या जागी लक्ष्या बोलके आला, श्रीरंगपूरचा, चांगला लग्नाच्या वयाचा, बोलक्या बाहुल्यांच्या नादी लागलेला. वरवर पाहता हा लक्ष्मीकांत बेर्डेंसाठी केलेला धंदेवाईक हिशोब आहे, आणि होताच. पण त्यातून निघालं ते हिशोबापेक्षा मोठं निघालं. ज्या प्रेक्षकासाठी हा चित्रपट होता त्याच्या घरात जाहिरातीतला महागडा बाहुला नव्हता, त्यामुळे त्याची भीतीही नव्हती. ओळखीचा होता तो रामदास पाध्यांचा अर्धवटराव. कार्यक्रमात, दूरदर्शनवर माणसाच्या मांडीवर बसून मोठ्यांना उलटं बोलणारा, आणि शेजारी ओठ मिटून साळसूद बसलेला त्याचा धनी. त्या हसण्याखाली एक बारीक शंका कायम असायची, की नक्की बोलतंय कोण? 'झपाटलेला'ने नेमकं त्या शंकेवर बोट ठेवलं. सहा वर्षांच्या पोराचं कुणी ऐकत नाही हे दुःखद आहे. पण ज्याचा नादच बाहुल्यांना बोलवण्याचा, तो "बाहुला बोलतो हो" म्हणून गावभर सांगू लागला तर त्याचं कोण ऐकणार? ही अडचण हास्यास्पद आहे आणि भयंकरही, आणि ती मुळात नाही. ती मराठीत जन्मली. तात्याचा बाहुला पाध्यांनीच घडवला, हेही त्यामुळे साजेसंच झालं.

तंत्रात मात्र तुलना नको. केविन याघरच्या चकीला यांत्रिक चेहरा होता, तो चालवायला अनेक हात राबत. कथा पुढे सरकते तसा तो चेहरा माणसासारखा होत जातो, केसांची रेघ मागे हटत जाते. तात्याचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच, जबडा वर-खाली होतो आणि बुबुळं फिरतात. उरलेलं सगळं दिलीप प्रभावळकरांच्या आवाजावर सोडलेलं आहे. दोनच वर्षांपूर्वी 'चौकट राजा'त ज्यांनी नंदूला आवाज आणि देह दिला होता, त्यांनी इथे घशातून ओढलेला, खरखरीत आणि थोडा लाडिक असा सूर लावला. लाकडी चेहऱ्यात भाव नाही म्हणूनच तो आवाज जास्त अंगावर येतो, असं माझं मत आहे. पैशांची चणचण इथे उपयोगी पडली.

आता तोटा. कॅरनचं पात्र गेलं आणि मूळ चित्रपटाचं इंजिनच गेलं. बॅटरीचं झाकण उघडणारी, फेरीवाल्याला शोधत रात्री फिरणारी बाई मराठीत उरली नाही. मधू कांबीकरांसारखी अभिनेत्री लक्ष्याच्या आईच्या भूमिकेत असूनही तिच्या वाट्याला काळजीच आली, आणि शोधाचं काम गेलं इन्स्पेक्टर महेश जाधवकडे, म्हणजे स्वतः दिग्दर्शकाकडे. 'डॅम इट' म्हणत तो आला की भीती निवते, कारण हा सगळं निस्तरणार हे आपल्याला ठाऊक असतं. कोठारेंच्याच टकलू हैवान, कवट्या महाकाळ या परंपरेतला खलनायक ठरल्याने तात्याबद्दलचं गूढही पहिल्याच रिळात संपतं. गाणी आणि दोन-दोन प्रेमप्रकरणं यांविषयी न बोललेलं बरं. 'चाइल्ड्स प्ले' घट्ट विणलेला आहे, 'झपाटलेला' ऐसपैस आहे आणि मधूनमधून उसवतो.

तरी त्याची बरोबरी करायची तर ती इतर उचलेगिरीशी करून पाहावी. 'पापी गुडिया' या हिंदी चित्रपटाने याच मुळातलं लहान मूल तसंच ठेवलं आणि आईच्या जागी बहीण आणली. आज तो कुणाला आठवत नाही. 'झिंदा'ने २००६ साली 'ओल्डबॉय'चा हातोडीवाला बोळातला मारामारीचा प्रसंग इमानेइतबारे घेतला आणि ज्या गुपितासाठी ती सगळी कथा उभी आहे तेच वगळलं. गंमत म्हणजे पार्क चॅन-वूकने स्वतः एका जपानी चित्रमालिकेवरून चित्रपट केला, आणि ते गुपित मूळ मालिकेत नव्हतंच, त्याने ते घातलं. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' मला आवडतो, पंकज कपूरसाठी तर विशेष. पण सिडने ल्युमेटच्या '१२ अँग्री मेन'मधले बारा ज्यूरर त्यांनी १९८६च्या भारतात बसवले तेव्हा आपल्याकडे ज्यूरी उरलेलीच नव्हती. १९५९च्या नानावटी खटल्यानंतर ती उतरणीला लागली आणि पुढे कायद्यातूनच गेली. एवढी मोठी शिवण चित्रपटभर दिसत राहते. लक्ष्याच्या बाबतीत अशी शिवण दिसत नाही.

नीतीचा प्रश्न यातून सुटत नाही. मूळ लेखकांना पैसे आणि श्रेय मिळायला हवं, याबद्दल दुमत नसावं. आपल्या निर्मात्यांना बराच काळ आडोसा होता तो १९७८ सालच्या आर. जी. आनंद खटल्याचा. कल्पनेवर कुणाची मालकी नाही, मांडणी वेगळी असेल तर कृती नवी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं होतं. २००९मध्ये 'माय कझिन व्हिनी'च्या उचलीवरून बी. आर. फिल्म्सला फॉक्सशी तडजोड करावी लागली. आता तर प्रेक्षकच मूळ चित्रपट त्याच रात्री घरी लावून पाहतो, त्यामुळे हक्क विकत घेणं अंगवळणी पडतंय. हे चांगलंच झालं. पण हक्क घेतले की मुळाचा धाकही सोबत येतो. 'लाल सिंग चढ्ढा'त बाकाच्या जागी रेल्वेचा डबा, चॉकलेटऐवजी गोलगप्पे, व्हिएतनामऐवजी कारगिल. प्रत्येक मुक्कामावर गाडी थांबतेच. उलट हॉलिवूडने २०१९मध्ये अधिकृतपणे 'चाइल्ड्स प्ले' पुन्हा केला तेव्हा मंत्रतंत्र टाकून बाहुल्यात बिघडलेली चिप घातली. म्हणजे परवाना असूनही हात मोकळे ठेवता येतात.

आणि परक्याचं काही न घेताही हात बांधलेले असू शकतात. 'झपाटलेला २' २०१३ साली थ्रीडीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्ये गेले होते, म्हणून कथा लक्ष्याच्या मुलाची झाली. या वेळी झगडायला समोर अमेरिकन पटकथा नव्हती, फक्त आपलीच जुनी लोकप्रियता होती. बाहुला पडद्याबाहेर झेपावतो, 'ओम फट् स्वाहा' पुन्हा ऐकू येतं, आणि पहिल्या भागात जिथे टाळ्या पडल्या होत्या तिथे चित्रपट पुन्हा टाळ्यांची वाट पाहतो.