तासाभराचे गेम

‘अ शॉर्ट हाइक’ हा गेम पुरा करायला साधारण दीड तास लागतो. मुंबईत गेटवेहून लाँचने मांडवा आणि तिथून गाडीने अलिबागजवळचं किहीम गाठायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो. ॲडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या गेमकाराने केलेला हा गेम २०१९ साली संगणकावर आणि २०२० साली निन्टेंडो स्विच या हातात धरायच्या कन्सोलवर आला. क्लेअर नावाची एक पक्षीण सुट्टीत मावशीकडे बेटावर आली आहे. एका महत्त्वाच्या फोनची ती वाट पाहते आहे आणि बेटावर रेंज नाही. रेंज येते ती डोंगराच्या माथ्यावरच. कथा म्हणाल तर एवढीच.

या एवढ्याशा कथेवर गेमकाराने एकच नियम रचला आहे. सोनेरी पीस मिळालं की क्लेअर हवेत आणखी एकदा पंख मारू शकते, कड्याला धरून आणखी थोडं वर सरकू शकते. पिसं बेटभर विखुरलेली आहेत. काही विकत मिळतात, काही एखाद्याचं काम करून दिल्यावर. किनाऱ्यावरचं एक पोर शिंपले गोळा करून आणायला सांगतं आणि खेळणारा माथ्याची वाट सोडून वाळूत हिंडू लागतो. कुणी घाई करत नाही, कुणी मरत नाही, गुण मोजले जात नाहीत. या गेमला २०२० साली स्वतंत्र गेमकारांच्या महोत्सवात, म्हणजे आयजीएफमध्ये, सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सुट्टीत कन्सोल सोबत नेणाऱ्याने डाउनलोड करून ठेवायचा पहिला गेम कोणता, असं कुणी विचारलं तर निःसंकोच याचंच नाव घ्यावं.

मोठ्या गेमना कित्येक गिगाबाइट जागा, साठ-सत्तर तास आणि शेकडो माणसांचा ताफा लागतो. छोट्या गेममध्ये एक कल्पना असते, ती शेवटपर्यंत नेलेली असते आणि ती संपली की गेमही संपतो. मोठ्या गेमला अमुक गोष्ट काढून टाक म्हणायची गरज क्वचितच पडते. छोट्याची सगळी कसोटी तिथेच लागते. कथेला कादंबरीची प्रस्तावना समजण्याची चूक मराठी वाचक करणार नाही, पण गेमच्या बाबतीत ती अजून सर्रास होते. ‘टाइमपास’ म्हणून ज्यांची बोळवण होते, त्यांतले काही गेम आज या कलेतलं सर्वांत नेटकं काम आहे.

हातातल्या पडद्यावरच्या खेळाशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १९८९ साली निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर अलेक्सी पाजितनोव्हचं ‘टेट्रिस’ जगभर पोचलं. आपल्याकडे ते आलं नव्वदीच्या दशकात, जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त ‘ब्रिक गेम’मधून. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे, आत फिरून फिरून टेट्रिसच. पुढे १९९९ साली विशाल गोंडल यांनी मुंबईत ‘इंडियागेम्स’ सुरू केली. स्मार्टफोन येण्याआधीच्या साध्या मोबाइलवर उतरवून घ्यायचे काही केबींचे गेम इथे तयार होऊन परदेशातही जात. म्हणजे छोटा, डाउनलोड करायचा गेम बनवण्याचं कसब इथे वीस वर्षांपूर्वीच होतं. ती कंपनी पुढे यूटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली. बाजार फुकट मोबाइल गेम आणि त्यांतल्या जाहिरातींकडे वळला, आणि पैसे मोजून घ्यायच्या, एकदा खेळून संपणाऱ्या गेमची सवय इथे रुजायची राहून गेली.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चं ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ महत्त्वाचं ठरतं. १८ ऑगस्ट २०२० रोजी ते सर्वांत आधी निन्टेंडो स्विचवर आलं. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळींनी काम सोडलं नाही. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेल्या मुलीसारखी कसरतपटू आहे. खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावणं, भिंतीवरून धावणं हे तिचं लढणं म्हणूनच पटतं. राजस्थानी गडांची वास्तू, भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा आणि सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग यांची जोड इतक्या निगुतीने घातलेला गेम भारतात त्याआधी क्वचितच झाला असेल. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

त्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. मारामाऱ्या पुढे पुढे त्याच त्या होतात आणि कथा रंगात आली असताना एकाएकी तुटते. चार-पाच तासांच्या देहात महाकाव्य बसवण्याची ही ओढाताण आहे. मावेल तेवढंच घ्यावं, हे छोट्या गेमचं पथ्य ‘राजी’ने पाळलं असतं तर हाच गेम आणखी उंच गेला असता. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, ही मात्र मोठी भर.

पुण्यात तयार झालेला हा गेम ज्या यंत्रावर आधी आला, त्या यंत्राचं भारतात अधिकृत दुकान नव्हतं. निन्टेंडोच्या ई-शॉपला भारताचा विभागच नाही. इथला ग्राहक आयात करणाऱ्या दुकानदाराकडून स्विच घेतो, खातं दुसऱ्या देशाच्या नावे उघडतो आणि डॉलरमध्ये पैसे भरतो. संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने २०१५ साली रुपयांत दर लावायला सुरुवात केली, त्यामुळे संगणकावर किंवा स्टीम डेक या त्यांच्याच हातातल्या यंत्रावर खेळणाऱ्याची थोडी सोय झाली. पण हातातल्या कन्सोलसाठी गेम करणारा पुण्या-मुंबईचा गेमकार आजही आपल्या गावच्या गिऱ्हाइकापर्यंत परदेशी खात्याच्या आडवाटेने पोचतो. या कलेची इथली वाढ खुंटण्याचं हे एक ठळक कारण आहे.

‘वेन्बा’ या गेमने दुसरी बाजू दाखवली. टोरोंटोतल्या ‘विसाई गेम्स’ने केलेला, जुलै २०२३ मध्ये आलेला हा गेमही दीडेक तासाचा. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेलं एक तमिळ कुटुंब, आईने दिलेली जीर्ण पाककृतींची वही आणि घरची भाषा हळूहळू टाकत चाललेला मुलगा. वहीतली अक्षरं पुसली गेली आहेत. इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचल्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे खेळणाऱ्याने स्वतः ताडायचं. चुकलं तर शिक्षा नाही, पुन्हा करून पाहायचं. स्वयंपाक जमत जातो तसं आई आणि मुलामधलं अंतरही हाताला जाणवत जातं. बाफ्टाचं पदार्पणाचं पारितोषिक आणि आयजीएफचं सर्वोच्च पारितोषिक २०२४ साली याला मिळालं. एका भाषेचं, एका स्वयंपाकघराचं इतकं जवळचं चित्रण जगाला परकं वाटलं नाही. तमिळ घराने जे साधलं, ते मराठी घरालाही साधण्यासारखं आहे.

मराठीतल्या या शक्यतांसाठी किहीमच्या परिसराइतका ऐवज दुसरीकडे शोधायला नको. १९३० साली जर्मनीहून परतलेल्या, नोकरी नसलेल्या सलीम अलींनी किहीमला राहून सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, आणि मग तो ते पुरं करून दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो. ही रीत त्यांनी तिथेच उलगडली आणि त्या कामाने त्यांना पक्षिशास्त्रात नाव मिळवून दिलं.

‘मॉन्युमेंट व्हॅली’ करणाऱ्या ‘अस्टू गेम्स’चा ‘अल्बा : अ वाइल्डलाइफ ॲडव्हेंचर’ हा गेम अशा पक्षीनिरीक्षणाच्या सर्वांत जवळ जाणारा आहे. भूमध्य समुद्रातल्या बेटावर आजी-आजोबांकडे आलेली अल्बा फोनच्या कॅमेऱ्याने पक्षी टिपते आणि अभयारण्याच्या जागी येऊ घातलेल्या हॉटेलाविरुद्ध गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. बंगले आणि रिसॉर्ट वाढत चाललेल्या अलिबागच्या पट्ट्यात तो खेळताना बेट परकं राहत नाही. मुलांसाठी त्याची शिफारस मनापासून करावी. तरी त्यात एक उणीव आहे. पक्षी एकदा फोटोत आला की यादीत जातो आणि त्याच्याशी खेळणाऱ्याचा संबंध संपतो. तो काय करतो, का करतो, हे पाहत थांबण्याला गेममध्ये काही मोल नाही. सलीम अलींचं सगळं काम त्या थांबण्यातलं होतं. सुगरणीच्या वीणकामावर, मादीच्या पसंती-नापसंतीवर उभा केलेला, वाट पाहणं हाच मुख्य डाव असलेला तासाभराचा गेम ‘अल्बा’च्या पुढचं पाऊल ठरेल.

डावपेचांच्या गेममध्ये शिफारस ‘इन्टू द ब्रीच’ची. सबसेट गेम्सचा हा २०१८ चा गेम आठ बाय आठ घरांच्या पटावर चालतो आणि शत्रू पुढच्या खेपेला काय करणार हे आधीच दाखवतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या घरात तो लगेच रुळतो. अशा पटाला साजेसा प्रसंग इथल्या इतिहासातही आहे. किहीमच्या दक्षिणेला थळसमोर खांदेरी आहे. १६७९ साली मराठ्यांनी ते बेट बांधायला घेतलं आणि इंग्रजांनी समुद्रातून नाकेबंदी केली. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं अडून राहत आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ह्यांवर रसद पोचवत. वारा, अंधार, बोटीचं वजन, बेटावरचा साठा असे नियम इतिहासानेच आखून ठेवले आहेत. २०२५ साली खांदेरीचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. त्या निमित्ताने फलक आणि माहितीपट होतील. पण तो वेढा का फसला, हे हाताला कळायचं असेल तर असा पटच हवा.

पत्त्यांच्या गेममध्ये ‘बलाट्रो’ला तूर्त तोड नाही. लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या एकट्या माणसाचा हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि पहिल्या महिन्यातच त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पोकरचे हात लावायचे, पण जोकर दर डावाला पत्त्यांचं मोल बदलून टाकतात. यात पैशाचा जुगार नाही, तरी युरोपच्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने आधी त्याला ‘१८ वर्षांवरील’ असा शिक्का मारला. तो २०२५ साली अपिलानंतर १२ वर आला. आपल्याकडेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढले. ‘गेमिंग’ म्हणजे रमीची ॲप, ही वर्तमानपत्री समजूत त्यामुळे मागे पडली, तर या कलेवर गंभीरपणे लिहिणाऱ्यांचं काम सोपं होईल.

कोकणात तर याहून समृद्ध पत्ते आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. अंकांच्या पत्त्यांत निम्म्या रंगांत दहाचा पत्ता मोठा, उरलेल्यांत एक्का. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा. मोलाची ही उलटापालट ‘बलाट्रो’ला ज्यासाठी जग नावाजतं त्याच जातीची आहे. राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही चित्रकला जिवंत ठेवली. पण पत्ते आज प्रामुख्याने शोभेची वस्तू म्हणून विकत घेतले जातात आणि खेळणारे हात कमी होत चालले आहेत. गंजिफा कन्सोलवर आली तर ती पुन्हा खेळली जाईल, आणि तिचा घड्याळाशी जुळलेला नियम कन्सोलला आपोआप पाळता येईल.

मग अडतं कुठे? एक अडचण अगदी बारीक आणि तांत्रिक आहे. गेम बनवण्याच्या काही लोकप्रिय साधनांत देवनागरी नीट बसत नाही. ‘किहीम’ टाइप केलं तर पहिली वेलांटी ‘क’च्या आधी यायला हवी. अक्षरजुळणीची सोय नसलेलं साधन ती ‘क’च्या मागे टाकतं आणि जोडाक्षरांचे पाय मोडतं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो या मुक्त साधनाच्या चौथ्या आवृत्तीत ही जुळणी अंगभूत आहे. म्हणजे मराठी संवाद असलेला गेम करायला आता फुकट आणि भरवशाचं साधन हाताशी आहे.

दुसरी अडचण मागणीची आहे. मुंबईत मे २०२५ मध्ये भरलेल्या ‘वेव्हज’ या दृक्श्राव्य-मनोरंजन परिषदेत आणि राज्याच्या ॲनिमेशन-गेमिंग धोरणात बोलणं गुंतवणुकीचं आणि रोजगाराचं झालं. ते हवंच, पण त्या मोजपट्टीत तासाभराचा गेम दिसत नाही. मराठी कथेला आकार आला तो तिला दरवर्षी मागणारे अंक होते म्हणून. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि दर दिवाळीला नवं मागायची रीत पडली. अमेरिकेतल्या पॅनिक या कंपनीने २०२२ साली प्लेडेट हा छोटा, पिवळा, बाजूला फिरवायचा दांडा असलेला कन्सोल काढला, तेव्हा नेमकं हेच केलं. निरनिराळ्या गेमकारांकडून चोवीस छोटे गेम करून घेतले आणि ग्राहकाला दर आठवड्याला दोन पाठवले. निवडून, मानधन देऊन करून घेतलेले ते गेम होते.

मराठी दिवाळी अंकांना हे करता येईल. कथा, कविता, व्यंगचित्रं मागवतात तसा एक गेम मागवावा. पुण्या-मुंबईच्या डिझाइन शिकणाऱ्या मुलांपैकी दोघा-तिघांना सहा महिने आधी विषय आणि मानधन द्यावं, अंकात क्यूआर कोड छापावा आणि गेम इच.आयओसारख्या, दर स्वतः ठरवू देणाऱ्या दुकानात ठेवावा. तिथून उतरवलेला गेम स्टीम डेकवरही चालवता येतो. पहिला विषय गंजिफेचा घ्यावा. नियम तयार आहेत, चित्रं तयार आहेत, आणि त्या नियमांची जाण असलेली माणसं सावंतवाडीत अजून भेटतात.