‘डिडाखे’ : खोट्या संदेष्ट्याची पारख आणि तिच्या मर्यादा

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळात नव्या कराराचा संग्रह निश्चित झालेला नव्हता आणि उपदेशाचे कार्य पुष्कळ अंशी गावोगाव हिंडणाऱ्या प्रेषितांवर व संदेष्ट्यांवर अवलंबून होते. दारी आलेला उपदेशक खरा की खोटा, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक लहानमोठ्या मंडळीपुढे उभा राहत असे. ‘डिडाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या छोट्या ग्रीक ग्रंथात या प्रश्नाचा अत्यंत व्यावहारिक विचार आढळतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या प्रारंभी तो रचला गेला असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. अथनेशियसने ३६७ मध्ये दीक्षार्थींसाठी उपयुक्त म्हणून त्याचा निर्देश केला होता. पुढे तो दृष्टीआड झाला. १८७३ मध्ये फिलोथिओस ब्रिएनिओस यांना कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे १०५६ सालचे हस्तलिखित सापडले आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात प्रथम शिकवणुकीची कसोटी येते. सांगितलेल्या उपदेशाला धरून बोलणाऱ्याचे स्वागत करावे, त्याला छेद देणारे शिकवणाऱ्याचे ऐकू नये. परंतु एवढे सांगून ग्रंथकार थांबत नाही. त्याचा खरा भर उपदेशकाच्या वर्तनावर आहे. प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही, तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसा मागितला तर तोही खोटा. आत्म्याच्या संचारात भोजनाचे पान मांडण्याची आज्ञा देऊन स्वतःच त्यावर बसणारा खोटा. सत्य शिकवून तसे न वागणाराही खोटाच. मराठी वाचकाला येथे संतवाङ्मयातील दांभिकांवरचे कोरडे आठवणे स्वाभाविक आहे. मात्र संतांचा प्रहार वाणीचा आहे, तर ‘डिडाखे’चा सूर घरातल्या जाणत्या माणसाने आतिथ्याचे नियम घालून द्यावेत तसा आहे. किती रात्री ठेवायचे, शिदोरी किती द्यायची, हे कोणत्याही अशिक्षित गृहस्थाला कळण्याजोगे आहे. पारख करण्याचा अधिकार त्यामुळे विद्वानांकडे न जाता सामान्य श्रद्धावंताकडे राहतो.

तथापि याच प्रकरणात एक अवघड विधान आहे. आत्म्याच्या प्रेरणेने बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा करू नये. ते अक्षम्य पाप होय, असे ग्रंथकार बजावतो. योहानाचे पहिले पत्र मात्र प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करण्यास सांगते आणि येशू ख्रिस्त देहधारी होऊन आला हे कबूल करणे, ही स्पष्ट कसोटी देते. या दोहोंची सांगड सहज बसत नाही. ‘डिडाखे’ संचारातील वाणीला हात न लावता माणसाचे वागणे तपासते. निर्लोभी, साध्या राहणीचा, पण ख्रिस्ताचा देह केवळ आभास मानणारा उपदेशक मुक्कामाच्या आणि पैशाच्या नियमांतून सहज सुटला असता. योहानाच्या पत्रातील कसोटीची गरज येथेच दिसते.

उलटपक्षी, वर्तनाच्या नियमांची निकड किती होती, हे लुशियनच्या ‘पेरेग्रिनस’ या लेखनातून कळते. लुशियन ख्रिस्ती नव्हता, उपहास हा त्याचा पिंडच. म्हणून त्याचा प्रत्येक तपशील प्रमाण मानता येत नाही. तरीही ख्रिस्ती लोकांत शिरून संदेष्टा म्हणून मिरवणारा, तुरुंगात पडल्यावर आशियातील नगरांतून आलेल्या मदतीवर धनवान झालेला पेरेग्रिनस त्याने रंगवला आहे. चलाख भोंदूला या भोळ्या माणसांत अल्पावधीत श्रीमंत होता येते, हा त्याचा टोमणा ‘डिडाखे’तील नियमांमागील अनुभवाशी जुळतो. ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणाऱ्यासाठी तर बाराव्या प्रकरणात एक खास जोडशब्दच योजला आहे. स्थायिक होऊ पाहणाऱ्याने आपला कसब-व्यवसाय करून खावे, असे तेथे सांगितले आहे.

तेराव्या प्रकरणात चित्र पालटते. मंडळीत कायम राहू इच्छिणाऱ्या खऱ्या संदेष्ट्याला खळ्यातील, द्राक्षकुंडातील आणि गुराढोरांतील प्रथमफळ द्यावे; संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्यावे, अशी आज्ञा आहे. मागणे निषिद्ध, देणे कर्तव्य, असा हा भेद आहे. गरजू माणसासाठी मागणाऱ्याला अकराव्या प्रकरणातही दोष दिलेला नाही. पंधराव्या प्रकरणात मंडळीने स्वतः अध्यक्ष व सेवक निवडावेत, ते सौम्य, निर्लोभी व पारखलेले असावेत, असे म्हटले आहे. फिरत्या उपदेशकाला लावलेली पैशाची कसोटी येथे निवडलेल्या अधिकाऱ्यालाही लागू झाली. मात्र तीन दिवसांनी उठून जाणे त्याला बंधनकारक नव्हते. त्याच प्रकरणात पुढे मंडळीतील लोकांनी एकमेकांच्या चुका रागाने नव्हे, शांतपणे दाखवाव्यात, असे सांगितले आहे. अध्यक्षच चुकला तर काय करावे, याविषयी ग्रंथ काही बोलत नाही.